डंजन मास्टर कोण होणार? एका स्टार्टर सेटची परीक्षा

आमच्या वाचनालयाच्या बालविभागाला एका वाचकाने अमेरिकेहून येताना ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा स्टार्टर सेट भेट म्हणून आणला. पाचव्या आवृत्तीचा, २०१४ साली निघालेला. त्याची नोंद पुस्तकांत करायची की खेळांत, हे कुणालाच ठरवता येईना, म्हणून बरेच दिवस तो कपाटावर नुसता पडून होता. शेवटी ग्रंथपालबाईंनी तो माझ्या हातात ठेवला. “तुम्ही हे खेळता ना? मग सुट्टीत मुलांना देण्यासारखं आहे का, ते बघून सांगा. आणि दिलं, तर आपल्यातलं कुणी सोबत बसायला लागेल का, तेही सांगा.”

त्यांचा दुसरा प्रश्न जास्त मोलाचा होता. का, ते सांगण्याआधी ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडंसं. टेबलाभोवती चारपाच जण बसतात. त्यातला एक डंजन मास्टर, म्हणजे डीएम. जग त्याचं, राक्षस त्याचे, वाटेत भेटणारे दुकानदार आणि पुजारीही त्याचेच. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. “मी दरीत डोकावून बघते”, “मी त्याच्याशी गोड बोलून बघतो” असं तोंडाने सांगायचं आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. शेवटी कुणी एक जिंकत नाही. खेळाडूंना नियम आले नाहीत तरी निभतं, शेजारचा सांगतो. डीएमचं तसं नाही. तो अडला की सगळं टेबल अडतं. म्हणून नवख्यांसाठी काढलेला सेट चांगला की वाईट, याचा निकाल माझ्या मते एकाच जागी लागतो: ज्याने हा खेळ कधी डोळ्यांनीही पाहिलेला नाही, असा माणूस निव्वळ त्या खोक्यातल्या सामग्रीवर डीएम होऊ शकतो का?

हा पेच खेळाइतकाच जुना आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचे मूळ नियम विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावातून निघाले तेव्हा ते लिहिलेच होते लघुप्रतिमांच्या युद्धखेळांत आधीच मुरलेल्या मंडळींसाठी. बाहेरच्याला त्यातून खेळ उलगडणं महाकठीण होतं. मग १९७७ मध्ये पहिला ‘बेसिक सेट’ आला. त्याचं संपादन केलं होतं जे. एरिक होम्स यांनी, आणि ते पेशाने मेंदूविकारतज्ज्ञ होते. १९८१ मध्ये टॉम मॉल्डवे यांनी तो नव्याने लिहिला आणि १९८३ मध्ये फ्रँक मेंट्झर यांनी पुन्हा. मेंट्झरांच्या त्या लाल खोक्यात पहिल्यांदा एक फार शहाणपणाची गोष्ट झाली. पुस्तक उघडायचं आणि एकट्यानेच खेळायला लागायचं. गुहेत शिरायचं, अलीना नावाची पुजारीण भेटते, ती चार गोष्टी समजावते, आणि पुढे बार्गल नावाचा जादूगार तिला मारतो. तेवढ्यात खेळाडूला फासा, जखम, जादू, सगळं कळून चुकलेलं असतं. नियम वाचण्याआधी नियम अंगवळणी पडतात.

आमच्या खोक्यात असं काही नव्हतं. आत एक ३२ पानांची नियमपुस्तिका, एक ६४ पानांचं साहसाचं पुस्तक, पाच तयार पात्रांची पानं आणि सहा फासे: चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचा प्रत्येकी एक. मोठा नकाशा नाही, सोंगट्या नाहीत. साहसाचं नाव ‘लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर’. अमेरिकेत याची छापील किंमत १९.९९ डॉलर होती आणि त्या पैशांत सामान कमी पडलं असं कुणी म्हणू नये, इतकं त्या ६४ पानांत भरलेलं आहे. एकेका पात्राला पाचव्या पातळीपर्यंत नेणारी पूर्ण मोहीम आहे ती.

मी आधी दोन्ही पुस्तकं सावकाश वाचून काढली. पण मी वाचून उपयोग काय? मला हा खेळ वर्षानुवर्षं माहीत आहे. पुस्तकाने न सांगितलेली गोष्टही मला सांगितल्यासारखी वाटते. म्हणून मी स्वतः खेळ चालवायचा नाही असं ठरवलं आणि खोका माझ्या भाचीला दिला. ती नववीत, वाचनाचं वेड असलेली, पण या खेळाचं नावसुद्धा तिने ऐकलं नव्हतं. तिला अटी घातल्या: आतलं हवं तितकं वाच, इंटरनेटवर बघायचं नाही, मला काही विचारायचं नाही. मी कोपऱ्यात वही घेऊन बसेन आणि नियम चुकला तरी तोंड उघडणार नाही. खेळाडू म्हणून बालविभागातलीच चार मुलं घेतली, सातवी-आठवीतली. खोक्यावर बारा वर्षांपुढच्यांसाठी असं लिहिलंय, ते मी पाळलं.

पहिली अडचण खेळ सुरू होण्याआधीच दिसली. भाचीने नियमपुस्तिका शाळेच्या पुस्तकासारखी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, आणि जादूच्या नियमांत पोचली तेव्हा तिचा चेहरा पडला होता. आधी काय वाचायचं, काय नंतर बघितलं तरी चालेल, हे तिला ठळकपणे सांगणारं कुणी नव्हतं. जादूच्या मंत्रांची यादी प्रसंग येईल तेव्हा उघडायची असते, पाठ करायची नसते. अनुभवी माणसाला हे कळतं, पण हा सेट अनुभवी माणसासाठी नाही. तिला तारलं ते साहसाच्या पुस्तकातल्या सुरुवातीच्या पानांनी. डीएमने काय करायचं असतं, ते तिथे थोडक्यात आणि फार नेमकं दिलंय. त्यातला एक सल्ला असा की अडलंस तर स्वतःच काहीतरी ठरव आणि खेळ पुढे ने. दुसरा, ही तुझी आणि खेळाडूंची चुरस नाही. भाचीने ही दोन वाक्यं वहीत उतरवून घेतली. पुढे जेव्हा जेव्हा ती अडखळली तेव्हा तिची नजर त्या वहीकडे जाताना मी पाहिली. नवख्या डीएमला देण्यासारखी याहून मोलाची दुसरी चीज त्या खोक्यात नाही.

मग पात्रं वाटली. हा भाग इतका चांगला आहे की तो बघून मी खूश झाले. पाच पानं, पाच पात्रं: ड्वार्फ (बुटक्या जमातीतला) क्लेरिक म्हणजे पुजारी, एल्फ (वनदेवतांसारख्या जमातीतला) विझार्ड म्हणजे जादूगार, हाफलिंग (छोट्या चणीच्या जमातीतली) रोग म्हणजे चोर आणि दोन मानव फायटर म्हणजे लढवय्ये, त्यातला एक धनुर्धारी. पानावर नाव छापलेलं नाही, ते खेळाडूने द्यायचं. पण प्रत्येक पात्राला एक पूर्वेतिहास आहे, आणि त्याचा धागा साहसातल्या एखाद्या जागेशी नाहीतर माणसाशी बांधलेला आहे. हाफलिंगला रेडब्रँड टोळीशी जुना हिशेब चुकता करायचाय. धनुर्धाऱ्याचं मूळ गाव थंडरट्री, आता उजाड झालेलं, आणि तिथे एक ड्रॅगन येऊन बसलाय. ड्वार्फ हा ज्याच्या कामावर सगळे निघालेत त्या गंड्रेन रॉकसीकरचा नात्यातला. मुलांनी पानं वाचली आणि पहिला फासा पडण्याआधीच त्यांच्यात बोलणी सुरू झाली. आठवीतल्या मुलीने हाफलिंगचं नाव चिंगी ठेवलं, ड्वार्फचा दगडोबा झाला. “माझ्या गावात ड्रॅगन आहे, तुम्ही याल ना माझ्याबरोबर?” हा प्रश्न धनुर्धारी झालेल्या मुलाने बाकीच्यांना अगदी गंभीरपणे विचारला. यासाठी कुणी त्याला काही शिकवलं नव्हतं. पानाच्या एका बाजूला पुढच्या पातळ्यांवर काय मिळणार हेही दिलेलं असतं, त्यामुळे पातळी वाढली की पुस्तकं धुंडाळावी लागत नाहीत. मात्र स्वतःचं पात्र शून्यातून कसं घडवायचं, ते या खोक्यात नाही. त्यासाठी प्रकाशकांनी त्याच वर्षी ‘बेसिक रूल्स’ मोफत उपलब्ध करून दिले होते. पहिल्या खेळाला ही उणीव अजिबात जाणवत नाही. उलट सातवीतल्या मुलाला आधी तासभर आकडेमोड करायला लावली असती तर तो उठून गेला असता.

साहस सुरू होतं एका बैलगाडीने. नेव्हरविंटर शहरातून फॅन्डालिन गावाकडे सामान पोचवायचं, प्रत्येकी दहा सुवर्णमुद्रा मिळणार. वाटेत दोन मेलेले घोडे आडवे पडलेत, अंगात काळ्या पिसांचे बाण. दोन्ही बाजूंच्या झाडीत चार गॉब्लिन, म्हणजे छोटे दुष्ट राक्षस, दबा धरून बसलेत.

ही पहिली चकमक मला नीट सांगायला हवी, कारण सेटचं सगळं बळ आणि सगळी जोखीम तिच्यात दिसते. पुस्तक इथे डीएमचा हात धरतं. गॉब्लिन आधी दिसले का ते कसं ठरवायचं, पाळी कुणाची आधी हे कसं काढायचं, दोन गॉब्लिन धावून येतात आणि दोन लांबून बाण मारतात, हे सगळं क्रमाने दिलंय. भाची त्या पायऱ्या बोटाने धरून पुढे सरकत होती, आणि खरंच कुठे अडली नाही. पण गॉब्लिनचा एक बाण तीन ते आठ इतका मार देतो आणि पहिल्या पातळीवरच्या विझार्डचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसता येतो तो आकडा, एक आकडीच असतात. पहिलाच बाण नेमका विझार्डला लागला आणि तो कोसळला. सातवीतला मुलगा, ज्याने आत्ताच आपल्या एल्फला नाव दिलं होतं, एकदम गप्प झाला. खेळ सुरू होऊन जेमतेम काही मिनिटं झाली होती आणि त्याचं पात्र जमिनीवर.

इथे नियमांनीच त्याला परत आणलं. शून्यावर गेलेलं पात्र लगेच मरत नाही. दर पाळीला तो खेळाडू वीसचा फासा टाकतो, दहा किंवा जास्त आले तर जमेची बाजू, कमी आले तर खर्चाची. तीन जमा झाल्या तर जीव स्थिरावतो, तीन खर्ची पडल्या तर संपलं. त्यामुळे पडलेल्या मुलाच्या हातात फासा राहिला. सगळं टेबल त्याच्या फाशाकडे श्वास रोखून बघत होतं. मग दगडोबाने धावत जाऊन मंत्राने त्याला उठवलं. उठल्याउठल्या मुलाने आपल्या पानावर बोट ठेवलं: “माझ्याकडे झोपेचा मंत्र आहे.”

स्लीप या मंत्राला आठ बाजूंचे पाच फासे लागतात. खोक्यात आठ बाजूंचा फासा एकच. तो एकच फासा पाच वेळा टाकायचा आणि मनात बेरीज करायची. मुलं मोठमोठ्याने आकडे म्हणत होती: तीन, दहा, बारा, अठरा, बावीस! गॉब्लिनचे हिट पॉइंट सात, म्हणजे तीन गॉब्लिन जागच्या जागी घोरायला लागले. आणि पुस्तकात आधीच लिहून ठेवलंय की तिघे बाद झाले की चौथा पळ काढतो. तो पळाला, आणि त्याच्या मागावर जायचं की नाही, यावर मुलांची चर्चा सुरू झाली.

त्या चर्चेतच चिंगीने विचारलं, “झोपलेल्यांना मारायलाच पाहिजे का? बांधून ठेवू की.” भाचीने माझ्याकडे पाहिलं, मी वहीत मान घातली. तिने पुस्तक चाळलं आणि तिला हवं ते सापडलं: पकडलेल्या गॉब्लिनला काय काय माहीत असतं, याचा छोटा परिच्छेद चकमकीनंतर लगेच दिलेला आहे. जो सेट मुलांना फक्त मारामारी शिकवतो तो मी वाचनालयात ठेवू नका असंच सांगितलं असतं. या सेटने पहिल्याच प्रसंगात शत्रूशी बोलण्याची वाट उघडी ठेवलीय, ही गोष्ट मी अहवालात सगळ्यात वर लिहिली. सगळे हरले तर काय, याचंही उत्तर तिथेच आहे: गॉब्लिन त्यांना बेशुद्ध सोडून सामान लुटून नेतात, आणि गोष्ट पुढे चालू राहते. तरीसुद्धा माझं मत असं की चार गॉब्लिन नवख्यांना जड जातात. तीन पुरे झाले असते.

फाशांची अडचण इथून पुढे वाढतच गेली. वीसचा फासा एकच, आणि पाच जण. शिवाय अनुकूल परिस्थितीत दोन वीसचे फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा, प्रतिकूल असेल तर लहान, हा या आवृत्तीचा सगळ्यात सोपा आणि सुंदर नियम. त्याला दोन फासे हवेत, तर खोक्यात एक. सहा बाजूंचे आम्ही लुडोच्या डब्यातून काढले. बाकीच्यांचे दोन संच मी नंतर वेगळे मागवून खोक्यात टाकले. फासा हातोहात फिरतो तेव्हा प्रत्येक पाळीत थोडा वेळ जातो, आणि दिवसभराच्या खेळात तो बराच होतो. शिवाय मुलाला आपला फासा आपल्यापुढे हवा असतो.

नकाशांचंही तसंच. चकमकीनंतर गॉब्लिनांच्या मागावर गेलं की त्यांची क्रॅगमॉ गुहा लागते. तिचा नकाशा पुस्तकात छापलेला आहे आणि त्यावर डीएमसाठीची सगळी गुपितं, क्रमांक आणि लपलेले सापळे. तो मुलांना दाखवता येत नाही. भाचीने दुसऱ्या दिवशी आपणहून आलेखाची वही आणली, एक चौकोन म्हणजे पाच फूट असं ठरवलं आणि मुलं जसजशी पुढे जातील तसतशी गुहा काढत गेली. सोंगट्यांसाठी कॅरमचा डबा आला. पांढऱ्या सोंगट्या म्हणजे आपण, काळ्या म्हणजे गॉब्लिन, आणि टोळीचा म्होरक्या, क्लार्ग नावाचा बगबेअर (गॉब्लिनांहून थोराड, केसाळ राक्षस) म्हणजे लाल राणी. ती लाल सोंगटी टेबलावर ठेवली तेव्हा मुलं ओरडली. यात खोक्याचं कौतुक काही नाही, पण कॅरम जवळपास प्रत्येक वाचनालयात असतो, त्यामुळे आमच्यापुरती ही उणीव फुकटात भरून निघाली.

क्रॅगमॉची ती गुहा हा या सेटचा सर्वोत्तम धडा आहे, आणि माझं मन तिच्यावर जडलंय हे मी लपवत नाही. तोंडाशी ओढा वाहतो. आत गेल्यागेल्या साखळीला बांधलेले लांडगे. त्यांना मारता येतं, टाळता येतं, किंवा शांत करता येतं, आणि खायला टाकलं तर शांत करणं सोपं होतं, हेही पुस्तकात आहे. मुलांनी बैलगाडीतलं खाणं आणलं होतंच. तिथूनच वर एक अरुंद चिमणीसारखी फट जाते, ती थेट क्लार्गच्या दालनात निघते. सरळ ओढ्याने गेलात तर वरच्या पुलावर पहारेकरी आहे, आणि त्याने इशारा केला की आत अडवलेलं पाणी सोडून लोंढा आणतात. पलीकडे यीमिक नावाचा एक गॉब्लिन सिल्डार हॉलविंटर नावाच्या माणसाला ओलीस धरून बसलाय, आणि त्याचा सौदा असा की क्लार्गला मारा, माणूस घेऊन जा. छोट्याशा जागेत किती निवडी! प्रत्येक निवडीचा परिणाम दिसतो, आणि एकही निवड मुलांना बाजूला ढकलत नाही.

इथेच भाची पहिल्यांदा पुस्तकाबाहेर गेली. मुलांनी पकडलेल्या गॉब्लिनला पुढे घातलं आणि स्वतः कैदी असल्याचं सोंग करून आत शिरायचं ठरवलं. पुस्तकात हे कुठेही नाही. ती थांबली. वहीतलं ते वाक्य वाचलं. मग नियमपुस्तिकेत काम किती अवघड, याचा एक तक्ता आहे तो काढला: सोपं दहा, मध्यम पंधरा, कठीण वीस. “पंधरा आणायचे, आणि बोलायचं चिंगीने,” तिने ठरवून टाकलं. चिंगीला अठरा आले. पहारेकरी हसत बाजूला झाला, आणि भाचीने त्याच्या तोंडी जे बोलणं घातलं ते सगळं तिचं स्वतःचं होतं.

तिच्या बोलण्यातला हा मोकळेपणा कुठून आला, तेही सांगते. जाड चौकटीतला, मोठ्याने वाचून दाखवायचा मजकूर पुस्तकात जागोजाग आहे, आणि तो अर्थातच इंग्रजीत. पहिल्या दिवशी तिने तो जसाच्या तसा वाचला, मुलं शांतपणे ऐकत राहिली आणि कुणी काही विचारलं नाही. मग तिने पुस्तक मिटून मराठीत सांगायला सुरुवात केली. तसं सांगायचं तर आधी स्वतःला नीट समजायला हवं, म्हणून ती आदल्या रात्री वाचून यायला लागली. तिची तयारी त्यामुळे पक्की झाली. पात्रांच्या पानांवरच्या मुख्य गोष्टी मी प्रत्येकासाठी मराठीत एका चिठ्ठीवर लिहून दिल्या. मी केलेली मदत म्हणून ती अहवालात वेगळी नोंदवली आहे.

गुहा संपली, आणि सेटने हात सोडला.

फॅन्डालिन हे गाव दुसऱ्या भागात येतं. खानावळ, दुकानं, देऊळ, गावप्रमुखाची कचेरी, आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी, प्रत्येकाचं काहीतरी काम. गावप्रमुख हार्बिन वेस्टर, सिस्टर गारेल, हालिया थॉर्नटन, केलिन आल्डरलीफ आणि तिचा मुलगा कार्प. अनुभवी डीएमसाठी हे भरलेलं कोठार आहे. मी हा भाग चालवला असता तर मजेत चालवला असता. भाचीसाठी मात्र ती नावांची यादी होती. गुहेत दारामागे दार होतं, पुढे काय ते जागाच सांगत होती. गावात चारी दिशा मोकळ्या. कुणाला आधी भेटवायचं, कुणाची गोष्ट किती सांगायची, मुलं काहीच ठरवेनाशी झाली तर काय करायचं, याचं पायरीपायरीने मार्गदर्शन इथे नाही. तिने एकेका दुकानाचं वर्णन वाचलं, मुलं जांभया द्यायला लागली, एक जण पाणी प्यायला म्हणून उठला आणि बराच वेळ परतला नाही. भाची त्या दिवशी हिरमुसून घरी गेली. “आत्या, मला नाही जमत हे,” तिने फोनवर सांगितलं.

तिथे मी माझी अट मोडली, आणि ठरवून मोडली. परीक्षा खोक्याची होती, मुलीची नव्हती. मी तिला एवढंच विचारलं, की चार मुलांच्या पानांवर कुणाचे कुणाचे धागे या गावाशी आहेत? ती स्वतःच म्हणाली, चिंगीचा रेडब्रँडशी आहे. मग पुढच्या खेळात ते लाल झगेवाले गुंड थेट रस्त्यात आडवे आले, आणि टेबल पुन्हा जागं झालं. पात्रांच्या पानावरचे ते धागे हीच गावाची किल्ली आहे, आणि खोक्यात ती ठेवलेलीही आहे. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला ती ठळकपणे डीएमच्या हातात दिली असती तर माझी गरज पडली नसती.

तिसऱ्या भागातला थंडरट्रीचा ड्रॅगन हा दुसरा धोका. व्हेनमफँग, तरुण हिरवा ड्रॅगन, १३६ हिट पॉइंट. त्याच्या विषारी फुत्काराला सहा बाजूंचे बारा फासे, सरासरी ४२ इतका मार. तिसऱ्या पातळीच्या आसपासच्या पात्रांना एका फुत्कारात आडवं करायला तेवढं पुरे. निम्मे हिट पॉइंट गेले की तो उडून जातो अशी सूट पुस्तकाने दिलीय, पण निम्म्यावर आणेपर्यंत कोण उरणार? आणि धनुर्धाऱ्याच्या पानावर तर त्याला हुसकावण्याचं स्वप्नच लिहिलेलं आहे, म्हणजे मुलं तिथे जाणारच. आमची मुलं गेली, दुरून त्याचा मनोरा बघितला, आणि फार समजूतदारपणे परत फिरून पुढच्या वेळचे बेत करायला लागली. दुसरा गट तसं करेलच असं नाही. नवख्या डीएमला इथे स्पष्ट सांगायला हवं: आधी धोका दाखव, पळायची वाट दाखव, मग फासे काढ.

तुलनेसाठी मी एका मित्राकडचा पॅथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाचा ‘बिगिनर बॉक्स’ आणून वाचला, २०२० चा, दुसऱ्या आवृत्तीचा. त्यात खेळाडूच्या ८० पानी पुस्तकाची सुरुवातच एकट्याने खेळायच्या साहसाने होते, मेंट्झरांच्या लाल खोक्यातली युक्ती तिथे पुन्हा दिसते. डीएमचं पुस्तक ९६ पानांचं. सोबत दोन्ही बाजूंनी वापरायचा नकाशा आणि शंभराहून जास्त पुठ्ठ्याच्या प्रतिमा. ओटारी गावातल्या मासळीच्या वखारीखालचं तळघर, आणि त्यात खोलीगणिक एकेक नवा नियम. शिकवण्याच्या बाबतीत तो खोका सरस आहे, यात मला शंका नाही. पण गोष्टीची ओढ, पात्रांच्या मनात पेरलेली कारणं आणि क्रॅगमॉसारखी गुहा मला तिथे सापडली नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्याच २०१९ च्या ‘इसेन्शिअल्स किट’मध्ये अकरा फासे, डीएमला आपली पानं झाकायला आडपडदा आणि पात्र घडवायचे नियमही आहेत, शिवाय एकच खेळाडू असेल तर त्याच्यासोबत साथीदार देण्याची सोय. २०१४ च्या खोक्याची जागा पुढे २०२२ मध्ये नव्या स्टार्टर सेटने घेतली. म्हणजे आज नवीन विकत घ्यायचं तर निवड वेगळी होईल. पण आमच्या कपाटात जो होता त्याचं काय करायचं, हा प्रश्न होता.

ग्रंथपालबाईंना मी लिहून दिलं: ठेवावा, आणि तो पुस्तकांत नोंदवावा, कारण त्यातली दोन पुस्तकं हाच त्याचा जीव आहे. गुहेपर्यंत मोठ्यांनी सोबत बसायची गरज नाही, वाचनाची सवय असलेलं आठवी-नववीतलं मूल तेवढं स्वतः चालवू शकतं. फॅन्डालिनच्या आधी मात्र खेळ जाणणाऱ्या कुणीतरी त्या मुलाबरोबर अर्धा तास बसावं आणि पात्रांच्या पानांवरचे धागे गावाशी जोडून घ्यावेत. पहिल्या चकमकीत चार किंवा कमी खेळाडू असतील तर गॉब्लिन तीनच घ्यावेत. थंडरट्रीच्या पानात मी ड्रॅगनबद्दलची चिठ्ठी ठेवली आहे, ती काढू नये. फाशांचे जादा संच, आलेखाची वही आणि राक्षसांची माहिती उतरवलेली कार्डं खोक्यातच राहतील. राक्षसांचे आकडे पुस्तकाच्या शेवटी असल्याने दर चकमकीला पानं उलटावी लागतात, म्हणून ती कार्डं भाचीने स्वतः केली.

त्यांनी लगेच विचारलं, की मग पॅथफाइंडरचाही एक मागवायचा का. मी हो म्हटलं, पण तो आल्यावर आधी मला देऊ नका असं सांगितलं. चिंगी झालेल्या मुलीला डीएम व्हायचंय. खोका तिनेच उघडावा, मी वही घेऊन कोपऱ्यात बसेन.